रस्त्याचा पूल रुळांना देताना: पोर्तोच्या दों लुईस पुलाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वाशीचा. खाडीवरून रेल्वे नव्हती ते दिवस मला आठवतात. मे 1992 मध्ये मानखुर्दहून पहिली लोकल वाशीला आली आणि घरातल्या मोठ्यांचं घड्याळच बदललं. तोवर ऑफिसला जायचं म्हणजे रस्त्याच्या खाडीपुलावरून बसनं, आणि पुलावर एखादा ट्रक बंद पडला की उशीर ठरलेलाच. म्हणूनच पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात रस्त्याचा जुना पूल मोटारींकडून काढून मेट्रोला दिलेला पाहिला, तेव्हा तो विषय माझ्या डोक्यातून गेलाच नाही. मित्रांना, कामावरच्या लोकांना सांगत राहिलो आणि प्रश्न येत राहिले. तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे.

नेमकं काय केलं पोर्तोनं?

पोर्तो आणि विला नोव्हा द गाइया ही दोन शहरं दोउरो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. मधे दों लुईस हा दुमजली लोखंडी कमानीचा पूल आहे. कमानीचा गाळा 172 मीटरचा. वरचा मजला दोन्हीकडच्या टेकड्यांना जोडतो, खालचा नदीकाठच्या जुन्या वस्त्यांना. वरच्या मजल्यावरून पूर्वी मोटारी, बसगाड्या, ट्रक जात. 2003 मध्ये तो मजला वाहनांना बंद झाला, आणि सप्टेंबर 2005 पासून त्यावरून मेट्रोची डी मार्गिका, म्हणजे पिवळी लाइन, धावते. खालचा मजला रस्त्यालाच राहिला.

हा पूल कुणी बांधला? आयफेलनं ना?

नाही. हा गैरसमज तिथल्या पर्यटकांमध्येही आहे. आराखडा तेओफील सेरिग यांचा. ते आधी गुस्ताव आयफेल यांचे भागीदार होते आणि याच नदीवरच्या मारिया पिया या रेल्वेपुलावर, जो 1877 मध्ये झाला, त्यांनी काम केलं होतं. नंतर दोघे वेगळे झाले आणि दों लुईस पुलाचं काम सेरिग यांच्या आराखड्यानुसार एका बेल्जियन कंपनीकडे गेलं. वरचा मजला 1886 च्या ऑक्टोबरअखेर खुला झाला. पूल आणि दोन्ही बाजूंचा जुना परिसर 1996 पासून जागतिक वारसा यादीत आहे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग आधी तिथे रेल्वे नव्हतीच का?

लांब पल्ल्याची होती, मारिया पिया पुलावरून. पण तो एकेरी रुळाचा. 1991 मध्ये शेजारीच साओ जुआओ हा काँक्रीटचा रेल्वेपूल झाला आणि जुना पूल बंद पडला. रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाला ती रेल्वे फारशी उपयोगाची नव्हती, कारण ती नदी ओलांडते गावाच्या कडेला आणि त्याला जायचं असतं मध्यात.

दों लुईस पुलाला रुळही नवे नव्हते. 1905 पासून वरच्या मजल्यावर विजेच्या ट्राम धावत. 1959 मध्ये त्या गेल्या, ट्रॉलीबस आल्या, आणि हळूहळू पूल मोटारींनी भरला. म्हणजे 2005 मध्ये रूळ परत आले म्हणायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण "पूल मुळात गाड्यांसाठीच आहे" असं म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा गेल्या पन्नास वर्षांपलीकडचं आठवत नसतं.

मोटारींचं काय झालं? शहर ठप्प झालं नाही?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि यायलाच हवा.

ठप्प झालं नाही, कारण क्रम बरोबर ठेवला. मार्च 2003 मध्ये दों लुईसपासून जवळच, नदीच्या वरच्या अंगाला, इन्फान्त दों एनरीक हा रस्त्याचा नवा पूल खुला झाला. त्यानंतर त्याच वर्षी जुन्या पुलाचा वरचा मजला वाहनांना बंद केला. नवा पूल जुन्याची जागा घ्यायलाच बांधला होता. दिसायलाही देखणा आहे: 280 मीटरची काँक्रीटची कमान, इतकी चपटी आणि बारीक की पहिल्यांदा पाहताना ती एवढं वजन पेलते यावर विश्वास बसत नाही.

शिवाय शहराबाहेरून जाणाऱ्या वाहतुकीला आधीच दोन मोठे पूल होते. समुद्राच्या बाजूला 1963 चा आर्राबिदा आणि आतल्या बाजूला 1995 चा फ्रेइशू. ज्याला पोर्तोत थांबायचंच नाही त्यानं दों लुईसवर येण्याचं कारण उरलं नव्हतं. रस्त्याची जागा रेल्वेला द्यायची तर आधी हे विचारावं लागतं: या पुलावरच्या गाड्यांपैकी किती जणांना खरोखर इथूनच जायचं आहे, आणि किती जण दुसरा मार्ग नाही म्हणून इथे आले आहेत?

एवढा खर्च करून फायदा किती? एक पूल तर एक पूलच.

साधा हिशोब करून पाहू. वरचा मजला साधारण 8 मीटर रुंद. म्हणजे रस्ता असताना जाणारी एक आणि येणारी एक मार्गिका. सिग्नल नसलेल्या, मोकळ्या एका मार्गिकेवरून तासाला फार तर अठराशे-दोन हजार मोटारी जातात. एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला, जो उदार अंदाज आहे, तर एका दिशेला तीन हजार माणसं. तीही पुढच्या चौकात कोंडी नसेल तर. जुन्या शहराच्या गल्ल्यांत ती असतेच.

आता त्याच रुंदीत दोन रूळ. पोर्तोत सुरुवातीला घेतलेल्या युरोट्राम गाडीत सुमारे दोनशे माणसं मावतात, आणि दोन गाड्या जोडून चालवतात. म्हणजे एका फेरीत चारशे. दर चार मिनिटांना एक फेरी धरली तरी तासाला सहा हजार, आणि पुढच्या चौकातल्या कोंडीशी तिला देणंघेणं नाही. तेवढ्याच जागेत दुप्पट माणसं. अंतर आणखी कमी केलं की आकडा आणखी वर जातो.

हा हिशोब वाशीच्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. सकाळी साडेआठला फलाटावर उभं राहिलं की तो अंगावरच येतो.

एकोणिसाव्या शतकातला लोखंडी पूल मेट्रोचं वजन पेलतो?

पेलतो, पण तसाच्या तसा नाही. वरचा मजला नव्यानं घातला आणि सांगाड्याला जिथे गरज होती तिथे बळकटी दिली. वारसा यादीतला पूल असल्यानं बाहेरून त्याचं रूप बदलू द्यायचं नव्हतं. कमान तीच दिसली पाहिजे, जाळी तीच दिसली पाहिजे. पुलाच्या कामात हे बंधन केवढं मोठं असतं हे काम केलेल्यालाच कळतं.

लोकांना वाटतं प्रश्न फक्त वजनाचा आहे. तो एकट्या वजनाचा नसतो. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, वजन कुठे पडतं. मोटारींची रांग वजन पसरून टाकते. आगगाडीचं वजन ठरावीक चाकांवर, ठरावीक रेषेवर, दिवसातून शेकडो वेळा त्याच जागी पडतं. लोखंड एका दणक्यानं तुटत नाही, ते वारंवारच्या ताणानं थकतं. वर गाडीनं ब्रेक लावला की पूल लांबीच्या दिशेनं ओढला जातो. हा जोर मोटारींपेक्षा खूप मोठा असतो.

दुसरी, उष्णता. वरचा मजला साधारण 385 मीटर लांब आहे. पोलाद एका अंशाला मीटरमागे सुमारे 12 मायक्रोमीटर वाढतं. हिवाळ्याची पहाट आणि उन्हाळ्याची दुपार यांत पुलाच्या तापमानात 30 अंशांचा फरक धरला तर लांबीत जवळपास 14 सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे हाताच्या वितीपेक्षा कमी. डांबरी रस्त्याला जोडपट्टी टाकली की काम होतं. गाडीचं चाक मात्र 14 सेंटिमीटरच्या फटीवरून जाऊ शकत नाही. म्हणून रूळ तिरपे कापून एकमेकांवर सरकतील असे सांधे द्यावे लागतात, आणि पूल कुठे घट्ट धरायचा व कुठे सरकू द्यायचा हे नव्यानं ठरवावं लागतं.

तिसरी गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा सुचतही नाही: वीज. ही मेट्रो वरच्या तारेतून 750 व्होल्टचा एकदिश प्रवाह घेते आणि तो रुळांतून परत जातो. रूळ पुलापासून नीट वेगळे ठेवले नाहीत तर थोडा प्रवाह लोखंडी सांगाड्यात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे लोखंड खाऊन टाकतो. नुसत्या गंजापेक्षा हे वाईट, कारण आतल्या आत चालतं. जुना लोखंडी पूल आणि विजेची गाडी ही जोडी जुळवताना रुळांखालच्या रबरी थराला फार जपावं लागतं.

ही मेट्रो आहे की ट्राम?

दोन्हीच्या मधली. शहराच्या मध्यात ती भुयारातून जाते, स्थानकं खोल जमिनीखाली आहेत. गाइयात ती रस्त्यावर येते आणि झाडांखालून, चौकांमधून जाते. गाडी कमी उंचीची, फलाट बुटका. म्हातारी माणसं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया सहज चढतात.

आणि म्हणूनच हे जमलं. मुंबईची लोकल किंवा पुण्याची मेट्रो या पुलावर चढवता आली नसती. हलकी, चढ चढणारी, अरुंद वळणं घेणारी गाडी निवडली म्हणून जुना पूल वाचला आणि कामालाही आला. पूल आधी की गाडी आधी, तर इथे पुलाकडे पाहून गाडी निवडली.

पायी जाणाऱ्यांना परवानगी आहे?

आहे, आणि मला हेच सगळ्यात आवडलं. वरच्या मजल्यावर रूळ जमिनीच्या पातळीत बसवले आहेत, मधे कुंपण नाही. माणसं कडेनं चालतात आणि गर्दी असली की रुळांवरही पसरतात. गाडी पुलावर येताना वेग कमी करते आणि घंटा वाजवते. मी गेलो त्या संध्याकाळी एक आजी रुळाच्या मधोमध उभ्या राहून नातवाला खाली नदीतल्या होड्या दाखवत होत्या. घंटा वाजली, त्यांनी मागे न बघता नातवाचा हात धरून दोन पावलं बाजूला घेतली, गाडी गेली, आणि त्या पुन्हा होत्या तिथे आल्या. घाई नाही, आरडाओरडा नाही.

चालक मात्र पूर्ण सावध होता, त्याचे डोळे क्षणभरही हलले नाहीत. पर्यटकांच्या दिवसांत हे काम किती ताणाचं असेल, ते त्याच्या खांद्यांकडे बघून कळत होतं.

पुलावर रूळ टाकले की झालं, इतकं सोपं आहे?

नाही. आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

पूल 385 मीटरचा. त्यावर रूळ टाकणं हा कामाचा छोटा भाग. खरं काम दोन्ही काठांवर झालं. पोर्तोच्या बाजूला गाडी कॅथेड्रलजवळ थेट भुयारात शिरते आणि साओ बेंतो स्थानकाच्या खालून, गावाच्या पोटातून उत्तरेला विद्यापीठ आणि मोठ्या इस्पितळापर्यंत जाते. त्रिंदादे स्थानकावर ती बाकीच्या सगळ्या मार्गिकांना भेटते. ते भुयार नसतं तर गाडी पुलावरून उतरून जुन्या अरुंद गल्ल्यांत अडकली असती.

गाइयाच्या बाजूला तर आणखी धाडस केलं. आवेनिदा दा रेपुब्लिका हा तिथला मुख्य रस्ता. मेट्रोला त्याच्या मधोमध जागा दिली, मोटारींची जागा आक्रसली. म्हणजे रस्त्याची जागा फक्त पुलावर काढून घेतली असं नाही, पुलापर्यंत येणाऱ्या रस्त्यावरही काढून घेतली. तिथेही दुकानदारांनी, मोटारवाल्यांनी विरोध केला असेल तर मला नवल वाटणार नाही. पण आज त्या रस्त्यावरची माणसं बघा, ती गाडीतून उतरून दुकानात शिरतात.

मार्गिकाही एका दिवसात झाली नाही. 2005 मध्ये ती गाइयाच्या नगरपालिकेपर्यंतच होती. 2011 मध्ये सान्तो ओव्हिदियोपर्यंत गेली, 2024 मध्ये व्हिला द एश्तपर्यंत, आणि वाटेत गाइयाचं इस्पितळही जोडलं गेलं. गाइयाची लोकसंख्या तीन लाखांच्या वर, पोर्तो शहरापेक्षा जास्त. पुलाच्या पलीकडे एवढी माणसं राहतात म्हणून पूल उपयोगी.

म्हणजे आता सगळं आलबेल आहे?

नाही. पिवळी लाइन त्या जाळ्यातली सगळ्यात गजबजलेली आहे आणि नदी ओलांडणारा मेट्रोचा रस्ता बराच काळ हा एकच होता. एका पुलावर एवढा भार टाकणं धोक्याचं. म्हणून कासा दा मुझिकापासून सान्तो ओव्हिदियोपर्यंत नवी, माणिक रत्नाच्या नावाची रुबी मार्गिका हाती घेतली आहे: 6 किलोमीटरहून थोडी लांब, 8 स्थानकं, आणि दोउरोवर नवा पूल. या पुलाचं नाव फेर्रेइरिन्या. त्यावरून मेट्रो, सायकली आणि पायी माणसं जाणार, मोटारींना तिथे जागाच ठेवलेली नाही. वीस वर्षांपूर्वी जुना पूल रुळांना द्यायला धीर लागला. आता नवा पूल फक्त रुळांसाठी बांधतात.

खालच्या मजल्याचं काय?

तो 2021 च्या ऑक्टोबरपासून 2023 च्या एप्रिलपर्यंत दुरुस्तीला बंद होता. उघडला तो बस, टॅक्सी, सायकली आणि पायी जाणाऱ्यांसाठी. खाजगी मोटारी तिथूनही गेल्या.

असं आणखी कुठे झालं आहे?

लिस्बनमध्ये, पण वेगळ्या पद्धतीनं. तेजो नदीवरचा 25 एप्रिल पूल 1966 चा, झुलता, मधला गाळा 1013 मीटरचा. रस्ता काढला नाही. खाली रेल्वेचा मजला जोडला आणि 1999 पासून दक्षिण काठावरच्या लोकांना लिस्बनला थेट गाडी मिळाली. त्यासाठी मुख्य दोरांच्या वर आणखी दोरांची जोडी चढवावी लागली, आणि त्याच कामात रस्त्याच्या मार्गिकाही वाढवल्या.

अमेरिकेत सिअॅटलला पाणी नदीचं नाही, तळ्याचं. तिथे तरंगत्या पुलावरच्या दोन महामार्ग मार्गिका 2017 मध्ये मोटारींना बंद करून हलक्या रेल्वेला दिल्या. पूल 1989 मध्ये उघडला तेव्हाच या जागेत पुढे रेल्वे येऊ शकेल हे धरलेलं होतं. तरीही काम रेंगाळलं: पाण्याची पातळी वरखाली होते तसे रूळही वाकले पाहिजेत, आणि रुळांखालच्या काँक्रीटमध्ये दोष निघाल्यानं बराच भाग पुन्हा करावा लागला.

आणि उलटं? रेल्वे काढून रस्ता केला असं?

भरपूर. सान फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या खालच्या मजल्यावरून 1939 पासून गाड्या धावत. 1958 मध्ये रूळ उखडले. मग तीच माणसं नेण्यासाठी खाडीच्या तळाशी नळी टाकावी लागली, ती 1974 मध्ये सुरू झाली. सिडनीच्या हार्बर ब्रिजवरच्या ट्रामही 1958 मध्येच गेल्या आणि तिथे मोटारींच्या मार्गिका झाल्या. ते वर्ष आठवलं की मला वाईट वाटतं. तयार जागा, तयार रूळ, आणि काही महिन्यांत ते सगळं गेलं.

रूळ टाकण्याऐवजी बसला वेगळी मार्गिका दिली तर?

अनेक ठिकाणी तेच योग्य. न्यूयॉर्कला हडसन नदीखालच्या लिंकन बोगद्याकडे जाणारी एक मार्गिका 1970 पासून सकाळी फक्त बसना राखलेली आहे, आणि ती एकटी रोज सकाळी हजारो प्रवासी शहरात नेते. रूळ नाहीत, पूल मजबूत करणं नाही, फक्त जागा वाटून दिली. ज्यांना रेल्वे परवडत नाही किंवा वाट बघायला वेळ नाही, त्यांनी इथून सुरुवात करावी. पण पलीकडे बस एका ठिकाणी गोळा होतात आणि तिथला डेपो तुंबतो. तो प्रश्न रूळ गावाच्या पोटात गेले की सुटतो.

मुंबईत किंवा गोव्यात हे होऊ शकेल का?

ठाण्याच्या खाडीवर आपण रस्ता आणि रेल्वे वेगवेगळे ठेवले, आणि रेल्वे उशिरा आली. रस्त्याचा पहिला पूल 1973 चा, लोकल 1992 ची. मधली जवळपास वीस वर्षं नवी मुंबईतल्या माणसानं बसमध्ये घालवली. अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये खुला झाला, 21.8 किलोमीटर, सहा मार्गिका, रूळ नाहीत. माझा आग्रह असा की त्याची एक मार्गिका आजपासून बससाठी राखून ठेवा, आणि पलीकडची वस्ती वाढेल तसा हलक्या रेल्वेचा अभ्यास करा. लांब समुद्रपुलावर रूळ बसवणं पोर्तोच्या 385 मीटरइतकं सोपं नाही हे मला माहीत आहे.

गोव्यात मांडवीवर पणजी आणि पर्वरी यांच्यामध्ये रस्त्याचे तीन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. 1986 मध्ये जुना पूल कोसळला तेव्हा फेरीबोटीनं माणसं नेली होती, ते आठवणारी मंडळी अजून आहेत. कोकण रेल्वे मांडवी ओलांडते ती तिथून दूर. तीन पुलांपैकी एकाची थोडी जागा रोजच्या बारदेशच्या नोकरदारांसाठी वेगळी काढता येईल का, हा प्रश्न विचारायला हवा. रूळ नसतील तर बसच्या मार्गिकेनं सुरुवात करावी, पण पणजीच्या बसस्टँडपर्यंत ती तुटता कामा नये.

पोर्तोला गेलो तर हे कुठून पाहावं?

साओ बेंतोहून डी मार्गिकेची गाडी घ्या. पुढच्या डब्यात, दारापाशी उभे राहा. भुयारातून बाहेर आल्याबरोबर दोन्ही बाजूंना अचानक नदी उघडते. पलीकडे लगेच जार्दिम दो मोरो स्थानक येतं, तिथे उतरा. शेजारच्या बागेत संध्याकाळी गिटार वाजवणारे, ताडी-बिअर नव्हे तर थर्मासमधली कॉफी घेऊन बसलेले घरगुती लोकही दिसतील. बसायला गवत आहे. मग पायी पुलावरून परत या. साडेसहाच्या सुमारास गाड्या गच्च भरून गाइयाकडे जाताना दिसतात, खिडकीला टेकून झोपलेली माणसं, मांडीवर पिशव्या. वाशीच्या खाडीपुलावर लोकल चढली की वाऱ्याच्या पहिल्या झोतानं जशी डब्यातली माणसं मान वर करतात, तशी तिथेही दोनचार जणं नदी आली की डोळे उघडतात, बाहेर बघतात, आणि पुन्हा मिटतात.